नागादो-दाइकोचे खिळे आखताना: कर्कटक की पट्टी?

नागादो-दाइको म्हणजे खिळ्यांनी कातडं बसवलेला जपानी ढोल. त्याचं कातडं ताणून झालं की हातोडी उचलण्याआधी एकच प्रश्न उरतो: खिळ्यांच्या जागा कर्कटकाने पावलं टाकत आखायच्या, की घेराएवढी पट्टी कापून तिचे भाग पाडायचे? लाकडी ठोकळा मध्ये धरून ठोकत जाणारेही आहेत, पण त्यात कर्कटकाचे सगळे दोष येतात आणि सोय एकही नाही.

कर्कटकाची सोय मात्र खरी. ताणाच्या दोऱ्या अजून बांधलेल्या असतात, त्यांच्या फटीतून त्याचं टोक कुठेही पोचतं. ओल्या कातड्यावर पेन्सिल उमटत नाही, टोचा दिसतो.

घोळ होतो शेवटच्या घरात, म्हणजे फेरी पूर्ण करणाऱ्या खिळ्या-खिळ्यातल्या अंतरात. कातड्यासकट व्यास 50 सेंमी धरला तर घेर साधारण 1571 मिमी. 60 खिळ्यांना अंतर 26.18 मिमी. कर्कटक पाव मिमी जास्त उघडलं तरी फेरी संपेपर्यंत 15 मिमी चुकतात, म्हणजे अर्ध्या घराहून जास्त. गोलाईवर सरळ अंतर धरल्याची चूक त्यापुढे किरकोळ, पूर्ण फेरीत 0.7 मिमी. मग कर्कटक किंचित मिटायचं, पुन्हा फेरी. दर फेरीला नवे टोचे पडतात, जुने पुसता येत नाहीत, आणि ठोकताना खरा कुठला तेच कळत नाही. ज्यांचा हात बसलाय त्यांना हा त्रास होतही नसेल. मला तरी एवढं कारण पुरतं.

पट्टीसाठी पॅकिंगची प्लास्टिक पट्टी बरी. कागद ओलाव्याने फुगतो, कापडी टेप ताणली जाते. शेवटचा ताण दिल्यावरच, जिथे ओळ येणार तिथेच गुंडाळा. मोकळ्या लाकडावरचं माप चालत नाही: 2 मिमी जाड कातड्याने घेर साडेबारा मिमी वाढतो. दोऱ्यांच्या आतून पट्टी ओवणं कटकटीचं आहे, हे कबूल. टोकं भिडतील अशी कापून टेबलावर सपाट ठेवा आणि प्रत्येक खूण शून्यापासूनच मोजा: 26.2, 52.4, 78.5. अशाने चूक साचत नाही. मग पट्टी परत गुंडाळून आरीने एकदाच टोचा.

केयाकी या जपानी झाडाच्या एकसंध खोडातून कोरलेल्या ढोलाला सांधे नसतात. पण 1969 मध्ये सुरू झालेल्या लॉस एंजेलिसच्या किन्नारा तायको या ढोल-पथकाने रुळवलेल्या वाइनच्या पिंपांच्या ढोलांना असतात, आणि सांध्यात गेलेला खिळा धरत नाही. सांधे कातड्याखाली झाकले जातात, म्हणून त्यांच्या खुणा खाली उघड्या लाकडावर आधीच करून ठेवा. पट्टी सेंटिमीटरभर इकडेतिकडे सरकवली की बरेचसे खिळे सांध्यावरून हटतात. कर्कटकाला ते तिथे पोचल्यावरच समजतं.

खिळ्यांच्या दुसऱ्या, खालच्या ओळीला मात्र हीच पट्टी लावू नका. ढोलाचं अंग खाली फुगत जातं. त्रिज्या 3 मिमी वाढली तरी घेर जवळपास 19 मिमी मोठा होतो. वरच्या दोन खिळ्यांचा मध्य धरून सरळ खाली उतरायचं, आणि तो मध्य काढायला कर्कटकच लागतं.