घोड्याला पित्ताशय नसतं: लिव्हरच्या आजाराच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

वरातीच्या घोड्या पाळणाऱ्यांनी हे सवड काढून वाचावं. सातारा-सांगली पट्ट्यात एक माणूस फिरतो आहे. गळ्यात स्टेथोस्कोप, बोलणं गोड, कार्डावर ‘अश्वतज्ज्ञ’. घोड्याची पापणी उलटून बघतो आणि ‘लिव्हर गेलंय’ म्हणतो. आमच्याकडून त्याने 33,300 रुपये नेले. पैशाचं दुःख आहेच, पण त्याच्या उपायांनी घोडी मरायला टेकली होती, ते जास्त गंभीर आहे.

घोडीचा आजार खरा होता. त्याने धडधाकट जनावराला आजारी ठरवलं असतं, तर आमच्या आण्णांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. आण्णा म्हणजे माझे चुलते. त्यांची उमर घोड्यांत गेली आहे. पण लिव्हरचा आजार असा असतो की त्यात अनुभवी माणसालाही बाहेरून फारसं दिसत नाही. लिव्हरचा निम्म्याहून बराच जास्त भाग निकामी होईपर्यंत घोडा काही दाखवतच नाही. आणि दाखवतो तेव्हा लक्षणं कोणत्याही आजाराची वाटावीत अशी: खाणं कमी, वजन उतरलेलं, मलूलपणा. खोटं बोलणाऱ्याला याहून सोयीचा आजार नाही.

आमची शेवंती नुकरा घोडी. पांढरी शुभ्र, खालची कातडी गुलाबी. भाद्रपदात तिची चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, तोबऱ्यात उरायला लागली. खरारा करताना बरगड्या हाताला लागू लागल्या. मग नाकपुड्यांवर आणि डोळ्यांभोवती कातडी लाल होऊन तडकली, खपल्या धरल्या. त्याच तबेल्यातल्या कुमैत, म्हणजे गडद तांबड्या घोडीला यातलं काहीच नव्हतं. तुळशीच्या लग्नानंतरच्या वरातींच्या सुपाऱ्या घेतलेल्या होत्या. अशा वेळी घोडेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी या माणसाचा नंबर टाकला. फोनवर तो म्हणाला, “दादा, आजारी जनावर गाडीत घालून हाल करू नका, मीच येतो.” ते ऐकून घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं होतं.

आल्यावर त्याने रक्त काढलं, पोटावरून एक छोटं यंत्र फिरवलं, आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट पाठवला. रिपोर्टचे 4,500 रुपये. त्यात एसजीपीटी आणि एसजीओटी (लिव्हरसाठी रक्तात बघतात ते आकडे) वाढलेलं, आणि सोनोग्राफीखाली लिहिलेलं ‘पित्ताशयात खडे व गाळ’. त्याचं म्हणणं होतं, खड्यांमुळे पित्त तुंबलंय, ते रक्तात चढलंय, नाकावरची कातडी म्हणजे ‘उष्णता बाहेर पडतेय’. “तुळशीच्या लग्नापर्यंत नाचती करून देतो,” हे त्याचं वाक्य. लिव्हर शुद्धीची पावडर 6,800 रुपयांचा एक डबा, असे तीन डबे म्हणजे 20,400. वर ‘लिव्हर स्पेशल’ खुराकाची दोन पोती, 4,200 रुपयांना एक. शिवाय एक इंजेक्शन त्याने ‘आपल्याकडून’ म्हणून फुकट दिलं. बाटलीवर कागद नव्हता.

इंजेक्शननंतर दोन दिवस शेवंती बरी खायला लागली. या फुकटच्या सुईवरच पुढचा सगळा विश्वास उभा राहिला. मग तो म्हणाला, आता तीन दिवस लंघन. चारा पूर्ण बंद, फक्त काढा आणि पावडर. आण्णा तेव्हाच म्हणाले की घोड्याचं पोट रिकामं ठेवायचं नसतं. त्यावर त्याने पटकन उत्तर दिलं, “आण्णा, ती रीत निरोगी घोड्याची. हिचं लिव्हर झोपलंय, त्याला आराम द्यायचा.” दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या. त्याला फोटो पाठवला, तर तो खूश. म्हणे, साठलेली कावीळ बाहेर येतेय, औषध लागू पडलं. लंघन सुटलं, घोडी थोडं खायला लागली, पिवळेपणा उतरू लागला, आणि त्याचा फोन आला: बघा, सांगितलं होतं ना. आता दुसरा कोर्स लगेच सुरू केला नाही तर उलटेल. दुसऱ्या कोर्सचे 32,000.

ही त्याची खरी चलाखी, आणि सगळ्या घोडेवाल्यांना ती कळायला हवी. घोडा दोन-तीन दिवस उपाशी राहिला की तो नुसत्या उपासानेच पिवळा पडतो, लिव्हर ठणठणीत असलं तरी. पोटात चारा नसला की रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळीचा पिवळा रंग, लिव्हर नीट उचलत नाही आणि ते वाढतं. परत खायला लागला की आपोआप उतरतं. म्हणजे घोडीला पिवळं यानेच केलं, ती खायला लागल्यावर पिवळेपणा आपोआप उतरला, आणि त्याचे पैसे मात्र पावडरीच्या नावावर घेतले. धडधाकट घोड्यावरही हा खेळ चालेल, आणि मालकाला वाटेल की कावीळ डोळ्यांदेखत बरी झाली.

खेळ उघडा पडला तो तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडममुळे. त्या शेजारच्या गोठ्यात लम्पीची लस द्यायला आल्या होत्या. आण्णांनी त्यांना हाताला धरावं तसं तबेल्यात आणलं. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, “आण्णा, घोड्याला पित्ताशय नसतं हो.” गाईला असतं, कुत्र्याला असतं, माणसाला असतं. घोड्याला नाही. तो दिवसरात्र थोडं थोडं चरणारा प्राणी, त्याचं पित्त साठवून न ठेवता सतत आतड्यात झिरपत राहतं. क्वचित पित्तनलिकेत खडे होतात, पण ज्या पिशवीचा फोटो काढला म्हणून पैसे घेतले ती पिशवीच घोड्याच्या पोटात नाही.

मग त्यांनी बाकीचा रिपोर्टही उलगडून दाखवला. एसजीपीटी ही माणसाच्या लिव्हरची नेहमीची तपासणी, घोड्यात तिचा लिव्हरसाठी उपयोग नाही. एसजीओटी स्नायू दुखावले तरी वाढतं. घोड्यासाठी जीजीटी, जीएलडीएच आणि बाइल ॲसिड या रक्ताच्या तपासण्या बघायला हव्यात, आणि त्यातलं एकही कागदावर नव्हतं. लॅबचा पत्ता नाही, फोन नाही, नमुना घेतल्याची तारीख नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी रिपोर्टवर ‘हॉर्स’ असं वेगळ्या अक्षरात चिकटवलेलं, नीट बघितलं की दिसत होतं.

खुराकाच्या पोत्यात त्यांनी हात घातला तर तळाशी ढेकळं निघाली आणि कुबट वास आला. शेंगपेंड, सोयापेंड आणि गूळ. शेंगपेंड नि मका ओलावले की त्यांवर जी बुरशी धरते, तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष थेट लिव्हरवर जातं. लिव्हरच्या घोडीला लिव्हरचंच विष, तेही 4,200 रुपये पोतं. आणि पेंड अगदी ताजी असती तरी तिला या अवस्थेत ती चालणार नव्हती. प्रथिनं पचताना अमोनिया तयार होतो. त्याचा युरिया करून लघवीवाटे घालवायचं काम लिव्हरचं. लिव्हर थकलं की अमोनिया रक्तात राहतो आणि मेंदूवर चढतो. तो खुराक सुरू झाल्यापासून शेवंती सारख्या जांभया देत होती, एक-दोनदा भिंतीला कपाळ टेकून उभी राहिलेली दिसली. आम्हाला वाटलं अशक्तपणा. मॅडमनी मुलांना तिथल्या तिथे तबेल्याबाहेर काढायला लावलं. अशा अवस्थेत स्वभावाने गरीब घोडासुद्धा भान सुटून अंगावर पडू शकतो.

लंघनाबद्दल तर त्या फार चिडल्या. उपाशी घोड्याच्या अंगातली चरबी सुटून रक्तात येते आणि आधीच दुखणाऱ्या लिव्हरमध्ये जाऊन साठते. गाढव, तट्टू, गाभण घोडी यांना तर यातून वाचवणं अवघड होतं. त्या कागद नसलेल्या इंजेक्शनवर त्यांचा संशय स्टिरॉइडचा होता. त्याने दोन दिवस भूक लागते, पण घोड्याचे पाय धरले जाऊ शकतात, लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आत सूज, होऊ शकतो.

रक्त नव्याने काढून लॅबला पाठवलं. जीजीटी आणि बाइल ॲसिड दोन्ही चांगलीच वाढलेली निघाली. नंतर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेऊन सोनोग्राफी केली. कारण म्हणून संशय आमच्या गवतावर आला. आम्ही डोंगरउतारावरचं गवत कापून साठवतो, त्यात खुळखुळ्याची झाडं आली होती. पिवळी फुलं, आणि वाळल्यावर वाजणाऱ्या शेंगा, मुलं खेळतात त्या. खुळखुळ्याच्या कित्येक जातींत लिव्हर हळूहळू मारणारं विष असतं. हिरवं असताना कडवट लागतं म्हणून जनावर टाळतं, वाळल्यावर गवताबरोबर खाऊन टाकतं आणि विष तसंच राहतं. खाल्ल्यानंतर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी आजार दिसतो. बायोप्सीशिवाय, म्हणजे लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय, नक्की म्हणता येणार नाही असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, पण गंजीतलं सगळं गवत आम्ही पेंढी पेंढी सोडून निवडलं.

नाकावरच्या जखमांचं कारणही कळलं, आणि ते ‘उष्णता’ नव्हतं. हिरव्या चाऱ्यातलं हरितद्रव्य पचताना एक पदार्थ तयार होतो, तो एरवी लिव्हर पित्तावाटे टाकून देतं. लिव्हर बिघडलं की तो रक्तातून कातडीपर्यंत पोचतो आणि उन्हाचा उजेड पडला की कातडी भाजते. गुलाबी कातडीला रंगाचं संरक्षण नाही, म्हणून नुकरा घोडीत ते आधी दिसतं आणि कुमैत, काळ्या घोड्यांत लपतं. नुकऱ्याचं नाक भाजलेलं दिसलं तर मलम लावून गप्प बसू नका, रक्त तपासा.

आता तिचं खाणं कसं आहे ते सविस्तर सांगतो, कारण या आजारात निम्मं औषध खाण्यातच आहे आणि ते महाग अजिबात नाही. मुख्य चारा म्हणजे कोरडं, हिरवट वासाचं, बुरशी न धरलेलं मारवेलचं गवत. लसूणघास बंद, कारण त्यात प्रथिनं जास्त. हरभरा आणि सगळ्या पेंडी बंद. चंदी म्हणून ज्वारीचा आणि जवाचा भरडा, भिजवून, थोडा गूळ टाकून. ज्वारी आणि मक्यातली प्रथिनं या आजाराला मानवणारी असतात, पण मका आम्ही बुरशीच्या भीतीने घेतला नाही. शेवंती साधारण 350 किलोची. दिवसाचा सुका चारा आणि भरडा मिळून 6-7 किलो, पण तो पाच-सहा वेळा विभागून. एकदम मोठी चंदी दिली तर लिव्हरवर एकदम भार येतो, आणि दोन खाण्यांत लांब खंड पडला तर रक्तातली साखर उतरते, कारण साखर साठवून ठेवायचं कामही लिव्हरचंच. रात्री शेवटचं गवत उशिरा टाकतो. तेल-तूप बंद. लोहाचं टॉनिक तर अजिबात नाही. घोडेवाल्यांत ‘रक्तवाढीला’ लोह द्यायची फार हौस असते, पण जादा लोह लिव्हरमध्येच साठतं. ब जीवनसत्त्व डॉक्टरांनी सांगितलं तेवढं. मीठ आणि स्वच्छ पाणी कायम समोर. दिवसा आत सावलीत, चरायला सूर्य मावळल्यावर. जांभया आणि मलूलपणा थांबल्यावर मॅडमनी लसूणघास मूठमूठ परत सुरू करायला लावला. प्रथिनं कायमची तोडली तर घोडी स्वतःचं मांस झिजवते, म्हणून दुसऱ्याचा तक्ता बघून आपल्या घोड्याला लावू नका. कुठल्या टप्प्यावर काय, ते रक्त तपासून डॉक्टरच ठरवतील.

लिव्हर पुन्हा वाढू शकतं. पण व्रण धरून कडक झालेला भाग परत येत नाही. शेवंतीचं किती गेलंय हे पुढच्या तपासण्यांत कळेल. मागच्या तपासणीत आकडे उतरले होते, अंग थोडं भरलंय, नाकावर नवी कातडी आलीय. या हंगामातल्या सगळ्या सुपाऱ्या आम्ही दुसऱ्या घोडेवाल्यांना दिल्या. ती पाठीवर खोगीर घेणार की नाही, हे यंदा विचारातसुद्धा घेणार नाही.

त्या माणसाला दुसऱ्या कोर्ससाठी बोलावलं, नोंदणी क्रमांक विचारला, आणि फोन कायमचा बंद झाला. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे. नोंदणी असलेल्या पशुवैद्यकालाच असे उपचार करता येतात, आणि आपल्याकडची नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे असते. क्रमांक विचारला म्हणून खरा डॉक्टर रागावत नाही, आमच्या मॅडमनी न विचारता सांगितला. आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय, सोबत यूपीआयच्या नोंदी, तो रिपोर्ट, आणि उरलेला डबा. तुमच्याकडे पावडर किंवा खुराक उरला असेल तर रागाने उकिरड्यावर टाकू नका, जनावराच्या तोंडाला लागणार नाही असा बांधून ठेवा. इंजेक्शनची रिकामी बाटली सापडली तर तीही ठेवा. त्याच्या पावडरवर घोडा अजून चालू असेल, तर आज चारा सुरू करा आणि उद्या सकाळी रक्त काढायला डॉक्टरांना बोलवा.