क्रिएटिन सहा महिने, रोज ५ ग्रॅम: केसांचं काय झालं?

साधं, बिनचवीचं क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी जिममध्ये घेतली जाणारी पावडर. रोज ५ ग्रॅम, सहा महिने, एकही खाडा नाही. निकाल आधीच सांगतो. स्क्वॉट आणि बेंचवर एक-दोन रेप्स सहज वाढल्या, पहिल्या महिन्यात अंगात पाणी धरल्यामुळे वजन काट्यावर दीड किलोच्या आसपास वर गेलं, आणि डोक्यावरच्या केसांत मोजण्यासारखा फरक पडला नाही. पण एका डोक्यावरून सगळ्यांचं उत्तर निघत नाही. त्यामुळे डब्याचं कौतुक थोडक्यात आणि केसांचा हिशेब सविस्तर.

क्रिएटिनने टक्कल पडतं ही भीती कुठून आली ते कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. २००९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या कॉलेजवयीन रग्बी खेळाडूंवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. खेळाडू फक्त २०. पहिले ७ दिवस रोज २५ ग्रॅम क्रिएटिन, पुढचे १४ दिवस रोज ५ ग्रॅम, सोबत ग्लुकोज. सात दिवसांनी रक्तातलं डीएचटी, म्हणजे टक्कल पडण्यात ज्याचा हात असतो ते हार्मोन, ५६ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं आणि शेवटीसुद्धा ते मूळ पातळीच्या ४० टक्के वर होतं. टेस्टोस्टेरॉन मात्र जागचं हललं नाही. ५६ टक्के ऐकून छातीत धस्स होतं, पण वाढल्यावरही पातळी सामान्य मर्यादेतच होती. शिवाय क्रिएटिन घेताना या खेळाडूंचं सुरुवातीचं डीएचटी मुळातच तुलनेच्या गटापेक्षा कमी होतं. आणि मुख्य म्हणजे केस कुणी मोजलेच नव्हते. तीन आठवड्यांत मोजूनही काही हाती लागलं नसतं.

केस मोजले ते २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात. नियमित वेट ट्रेनिंग करणारे १८ ते ४० वयाचे ४५ पुरुष, १२ आठवडे. एका गटाला रोज ५ ग्रॅम क्रिएटिन, दुसऱ्याला तुलनेसाठी तेवढंच माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साधी पिष्टमय पावडर. ३८ जण शेवटपर्यंत टिकले. रक्तातलं डीएचटी, त्याचं टेस्टोस्टेरॉनशी प्रमाण, केसांची घनता, केसांची जाडी, कशातच दोन गटांमध्ये फरक आढळला नाही. बारा आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे, हे खरं. तरी प्रश्न थेट विचारून थेट मोजलेलं उत्तर आज हेच आहे, आणि सहा महिन्यांचा वापर त्याच्याशी जुळतो.

आता टक्कल पडतं कसं ते पाहू. टेस्टोस्टेरॉनवर ५-अल्फा रिडक्टेज या एन्झाइमची क्रिया झाली की डीएचटी बनतं. ज्यांच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले आणि टाळूवरचे केस आनुवंशिकतेने डीएचटीला संवेदनशील असतात, त्यांचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. अशी आवर्तनं होत गेली की केसाच्या जागी लव उरते. मानेवरचे आणि कानांमागचे केस त्याच डोक्यावर, त्याच रक्तावर वाढतात, तरी टिकतात, कारण ती संवेदनशीलता त्यांच्यात नसते. हे सगळं वर्षांच्या हिशेबात चालतं. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवडे संक्रमणात असतो आणि मग साधारण तीन महिने विश्रांती घेऊन गळतो. त्यामुळे जानेवारीत डबा उघडला आणि फेब्रुवारीत क्रिएटिनमुळे कोपरे मागे गेले, हे शरीराच्या वेळापत्रकात बसतच नाही. बसतं ते वेगळंच: मुलं जिम लावतात अठरा ते पंचवीसच्या दरम्यान, आणि आनुवंशिक टक्कल डोकं वर काढतं तेही त्याच वयात. दोष मात्र डब्यावर जातो. आईच्या वडिलांना टक्कल नव्हतं म्हणजे आपण सुटलो, असंही कुणी समजू नये. काही जनुकं आईकडून येतात, काही वडिलांकडून.

दुसरी केसगळती याहून पुष्कळ वेगळी असते आणि जिममध्येही ती दिसते. टेलोजेन एफ्लुव्हियम, म्हणजे शरीराला धक्का बसला की एकाच वेळी बरेच केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. इथे माणसाचा हिशेब चुकतो. केस गळायला लागले की तो गेल्या आठवड्यात काय बदललं ते शोधतो. शोधायला हवं गेल्या तिमाहीत. ऑगस्टमध्ये डेंगी झाला असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाथरूमच्या जाळीत केसांचा पुंजका दिसणार, आणि मध्ये सप्टेंबरमध्ये क्रिएटिन सुरू केलं असेल तर बिचारं तेच पकडलं जाणार.

धक्क्यांमध्ये सगळ्यात मोठा, आणि ज्याला कुणी धक्का मानत नाही, तो म्हणजे कटिंग, झपाट्याने चरबी उतरवणं. स्पर्धेसाठी किंवा लग्नासाठी दोन महिन्यांत दहा किलो उतरवायचे, भात-पोळी बंद, तेल-तूप बंद, दिवसाला हजार कॅलरी, वर दोन तास कार्डिओ. शरीर अशा वेळी केसांवर खर्च करत नाही. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे ८० किलोच्या माणसाने ४०० ते ८०० ग्रॅम, यापेक्षा जास्त वेगाने उतरू नये. या काळात प्रथिनं कमी करू नयेत. दर किलो वजनामागे १.६ ग्रॅमच्या आसपास ठेवावीत. साध्या माणसासाठी आपल्याकडची शिफारस ०.८३ ग्रॅम आहे, तीसुद्धा अनेक शाकाहारी ताटांत भरत नाही. इथे व्हे, म्हणजे दुधापासून बनणारी प्रथिनांची पावडर, उपयोगी पडतं. व्हेने टक्कल पडतं याला चांगला पुरावा नाही. तोंडावर आणि पाठीवर पुटकुळ्या मात्र काही जणांना व्हेमुळे खरोखर येतात.

गळती खरंच वाढली की नुसती वाटते, हे ठरवायला कंगवा पुरतो. डोकं धुण्याआधी केस पुढे घेऊन टाळूकडून कपाळाकडे बरोबर ६० सेकंद विंचरायचं, खाली फिकट रंगाची उशी किंवा टॉवेल ठेवायचा, आणि पडलेले केस मोजायचे. लागोपाठ तीन धुण्यांना असं करून सरासरी काढायची. निरोगी पुरुषांत हा आकडा सरासरी दहाच्या आसपास येतो. एका मोजणीला अर्थ नाही. महिन्याला एक सरासरी वहीत लिहिली तर तिसऱ्या महिन्यात चित्र दिसतं. या सहा महिन्यांत ती सरासरी सुरुवातीला होती तिथेच राहिली. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सामान्य आहे. त्यामुळे चार दिवस न धुतलेलं डोकं धुतल्यावर जाळीत दिसणाऱ्या गुंत्याला घाबरू नये, तो चार दिवसांचा साठा असतो.

फोटो काढताना एकच जागा, एकच दिवा, कोरडे केस, केसांची लांबी तीच. न्हाव्याकडून आल्यावर तिसऱ्या दिवशी काढायचा, असा काहीतरी नियम ठरवून टाकावा. जिमच्या आरशासमोरचा फोटो बाद, कारण वरून पडणाऱ्या दिव्यात घामाने चिकटलेल्या केसांतून कुणाचीही टाळू दिसते. पडलेले केसही नीट बघावेत. सगळे जाड, लांब आणि मुळाशी पांढरा ठिपका असलेले असतील तर धक्क्याची गळती असण्याची शक्यता जास्त, आणि कारण दूर झालं की ती बहुधा काही महिन्यांत भरून निघते. त्यांत बारीक, आखूड, टोकाला निमुळते केस बरेच दिसत असतील आणि कोपरे व टाळूच विरळ होत असेल तर ते आनुवंशिक. तिथे वाट बघण्यात नुकसान आहे.

कच्च्या अंड्यांचं अजूनही फार खूळ आहे. कच्च्या पांढऱ्या बलकात अॅव्हिडिन असतं, ते बायोटिनला घट्ट धरून ठेवतं आणि आतड्यातून शोषू देत नाही. रोज सहा-आठ कच्ची अंडी दुधात फेटून महिनोन्महिने पिणाऱ्याला बायोटिनची खरी कमतरता होऊ शकते, आणि तिचं एक लक्षण केस गळणं. अंडं उकडलं की प्रश्न संपला. याच माणसाला मग कुणीतरी १०,००० मायक्रोग्रॅमची बायोटिनची गोळी देतं, जेव्हा दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. एवढ्या डोसमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात. टीएसएच (थायरॉइडची चाचणी) खोटंच कमी दिसतं आणि नसलेला थायरॉइडचा आजार निघतो. तपासणीआधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवावं आणि लॅबला तसं सांगावं.

जीवनसत्त्वांचा अतिरेकही केसांवर उठतो. मल्टिव्हिटॅमिन, मास गेनर, फिश लिव्हर ऑइल आणि केसांच्या गोळ्या, चारांच्याही लेबलवर व्हिटॅमिन ए आणि सेलेनियम आहे का ते बघून बेरीज करावी. तयार स्वरूपातलं (रेटिनॉल) व्हिटॅमिन ए ३,००० मायक्रोग्रॅम आणि सेलेनियम ४०० मायक्रोग्रॅम, या रोजच्या वरच्या मर्यादा. त्या दीर्घकाळ ओलांडल्या तर केस गळतात. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात लेबलवरच्या मात्रेच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडलं होतं. दोनशेवर लोक आजारी पडले, अनेकांचे केस गेले, नखं खराब झाली. झिंकच्या गोळ्याही मूठभर खाऊ नयेत. रोज ४० मिलिग्रॅमच्या वर बरेच महिने गेल्यास शरीरातलं तांबं कमी होऊ लागतं.

आता ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ती. लेबलवर जे नाही ते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जर्मनीतल्या कोलोन इथल्या डोपिंग प्रयोगशाळेने १३ देशांतून घेतलेली ६३४ पूरकं तपासली, ज्यांच्या लेबलवर कुठलंही हार्मोन नव्हतं. त्यातल्या ९४ मध्ये, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांत, अॅनाबॉलिक स्टिरॉइडची पूर्वरूपं सापडली. भारतात २०२४ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या तेव्हा २५ च्या लेबलवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. म्हणजे डब्यावरचं सगळंच खरं मानून चालत नाही. क्रिएटिनने महिनाभरात खांद्यावर-पाठीवर मोठमोठ्या पुटकुळ्या, तेलकट कातडी, स्तनाग्रांना दुखरेपणा आणि न पटणारी ताकद येत नाही. तसं झालं तर डबा बंद करावा आणि एलएच, एफएसएच (वृषणांना काम सांगणारी दोन हार्मोन्स) आणि टेस्टोस्टेरॉन तपासावं. बाहेरून हार्मोन जात असेल तर एलएच आणि एफएसएच दबलेले सापडतात.

ट्रेनर जे 'सायकल' म्हणून, म्हणजे ठरावीक आठवड्यांचा स्टिरॉइडचा कोर्स म्हणून, देतो त्यात तर लपवाछपवीही नसते. स्टॅनोझोलॉल, ड्रोस्टॅनोलोन, ऑक्झँड्रोलोन, मेस्टेरोलोन ही डीएचटीच्या घराण्यातलीच औषधं आहेत. ज्याच्या केसांत संवेदनशीलता आहे, त्याचं पाच वर्षांनी पडायचं टक्कल ही काही महिन्यांत ओढून आणतात. 'सोबत फिनास्टेराइड घे, केस वाचतील' हा सल्ला इथे लागू पडत नाही. फिनास्टेराइड टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होणं अडवतं. जे औषध आधीच त्या घराण्यातलं आहे त्याला अडवायला काही उरत नाही. डेकासोबत, म्हणजे नँड्रोलोनसोबत, तर उलटा परिणाम होऊ शकतो. नँड्रोलोन टाळूत रूपांतरित होऊन सौम्य होतं आणि फिनास्टेराइड ते रूपांतरच थांबवतं. फॅट बर्नर म्हणून दिल्या जाणाऱ्या टी३ च्या गोळ्या हे थायरॉइडचं हार्मोन आहे. त्याचा अतिरेक झाला तरी केस गळतात, आणि हृदयाची धडधड वाढते ती वेगळी.

खरेदी करताना चव नसलेलं, एकच घटक असलेलं मोनोहायड्रेट घ्यावं. टेस्टोस्टेरॉन वाढवण्याचा दावा करणारे 'टेस्ट बूस्टर' मिसळलेलं मिश्रण नको. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता डब्यावर हवा. खरेपणा तपासायला डब्यावरचा क्यूआर कोड उघडू नये, नकली डब्यावरचा कोड नकली साइटवरच नेतो. कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करावा. इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ या पूरकं तपासून प्रमाणित करणाऱ्यांचं चिन्ह असेल तर बॅच क्रमांक त्यांच्या साइटवर ताडून बघता येतो. सुट्ट्या पिशवीतली पावडर कितीही स्वस्त असली तरी नको.

लोडिंगची, म्हणजे सुरुवातीला आठवडाभर मोठा डोस घेण्याची, गरज नाही. रोज ३ ते ५ ग्रॅमने स्नायू साधारण चार आठवड्यांत भरतात. लोडिंगने तेच आठवड्यात होतं, पण पोट बिघडण्याची शक्यता वाढते. स्कूपवर विसंबू नये, कुठे तो ३ ग्रॅमचा असतो, कुठे ५ चा. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा एकदा वापरून खूण करून ठेवावी. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात पावडरीचे खडे होतात. खड्यांनी गुण जात नाही, ओल्या चमच्याने मात्र जातो, कारण पाण्यात राहिलेल्या क्रिएटिनचं हळूहळू क्रिएटिनिन होतं. म्हणून रात्री कालवून सकाळी पिऊ नये. रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं, तपासणीआधी डॉक्टरांना क्रिएटिन चालू असल्याचं सांगावं. शंका उरली तर सिस्टॅटिन-सी ही चाचणी मूत्रपिंडाचं खरं चित्र देते. मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

गळती दिसत असेल तर महागड्या डीएचटी चाचणीआधी फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी, टीएसएच आणि हिमोग्लोबिन करून घ्यावं. शाकाहारी माणसात बी-१२ कमी निघण्याची शक्यता बरीच. आनुवंशिक टक्कल असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड या टकलावरच्या औषधांचा उपयोग असलेलं राखण्यात जास्त आहे, गेलेलं परत आणण्यात कमी.

इतकं सगळं करूनही क्रिएटिनवरचा संशय जात नसेल तर ते बंद करून बघावं, पण नीट. स्नायूंतला साठा मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि केसांचं वेळापत्रक त्यापुढे तीन महिन्यांचं. म्हणजे पाच महिने क्रिएटिन नाही, आणि त्याच पाच महिन्यांत नवा आहार नाही, नवा शाम्पू नाही, कटिंग नाही, नवी गोळी नाही. कंगव्याची मोजणी दर महिन्याला त्याच पद्धतीने, फोटो त्याच दिव्याखाली.