झिमर की मेल्व्हॉइन?

लॉस एंजेलिसच्या शाळा मंडळाच्या चौथ्या प्रभागाच्या निवडणुकीत 2017 साली दोन माजी शिक्षक समोरासमोर उभे होते. दोघेही 'टीच फॉर अमेरिका' या नव्या पदवीधरांना गरीब वस्त्यांतल्या शाळांत शिकवायला पाठवणाऱ्या संस्थेतून अध्यापनात आलेले, पण पुढच्या वाटा अगदी वेगळ्या.

स्टीव्ह झिमर यांनी मार्शल हायस्कूलमध्ये 17 वर्षं काढली. 2009 मध्ये ते मंडळावर आले, 2013 मध्ये पुन्हा जिंकले आणि 2015 मध्ये अध्यक्ष झाले. शिक्षक संघटना त्यांच्या पाठीशी होती. मला त्यांचं पारडं जड वाटतं ते याच दीर्घ शिक्षकीमुळे. वर्गात इतकी वर्षं घालवलेला माणूस मंडळावर असणं ही मोठी गोष्ट आहे.

निक मेल्व्हॉइन मार्कहॅम मिडल स्कूलमध्ये शिकवत होते, नंतर वकील झाले. चार्टर शाळांच्या (सरकारी पैशावर, पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांच्या) समर्थकांनी त्यांच्या प्रचारात पैसा ओतला. त्या वर्षी मंडळाच्या निवडणुकीवर एकूण सुमारे दीड कोटी डॉलर खर्च झाले. शाळेच्या मंडळासाठी एवढा पैसा, हे वाचून मन अस्वस्थ होतं.

मार्चच्या पहिल्या फेरीत झिमर पुढे होते, पण निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, म्हणून दुसरी फेरी झाली. मे महिन्यातल्या त्या फेरीत मेल्व्हॉइन जिंकले आणि 2022 मध्ये पुन्हा निवडूनही आले.