बॅटरी चांगली होती, अर्थिंग गेलं होतं: साताऱ्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनबद्दल

पाच पैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढे येईलच.

दुकान पोवई नाक्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. पाटीवरचं नाव कधीच उडून गेलंय, 'ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स' तेवढं वाचता येतं. पुढे पत्र्याची शेड, आत दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. मालक साठीच्या आसपासचे. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणते.

माझी वॅगनआर २०१३ ची. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, बाहेर संततधार आणि मला सव्वासातचं लेक्चर, तेव्हा चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. परत फिरवली, परत टक्. डॅशबोर्डवरचे दिवे झकास, हॉर्न खणखणीत. शेवटी शेजारचे काका आणि दूधवाला यांनी गोडोलीच्या उतारावर धक्का मारला आणि गाडी चालू झाली. कॉलेज सुटल्यावर एका मोठ्या बॅटरीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने मीटरही न लावता विचारलं, "किती वर्षं झाली?" साडेतीन म्हटलं. "बसली मग. जुनी देऊन ४,६०० होतील." बॉनेट उघडायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

तिथून मामांकडे. मामांनी आधी मीटर लावला. १२.५ व्होल्ट. म्हणाले, "बॅटरीला काय झालं न्हाय." पॉझिटिव्हच्या क्लॅम्पवर (बॅटरीच्या खांबाला वायर धरून ठेवणारी पकड) निळसर-हिरवी पावडर फुलून आली होती. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवला, मग पॉझिटिव्ह. खायच्या सोड्याचं कोमट पाणी ओतलं, ते फसफसलं. पॉलिश पेपरने खांब आणि क्लॅम्प आतून चकचकीत केले, आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह आवळला, वरून व्हॅसलिन. (व्हॅसलिन आवळल्यानंतर लावायचं, आधी नाही. घरी करणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच चुकतात.) गाडी एका सेल्फमध्ये चालू. १०० रुपये.

चौथ्या दिवशी परत टक्.

मग मात्र मला राग आला आणि मी स्वतःच कामाला लागले. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, प्रयोगशाळेत मल्टिमीटर आहेत. निगेटिव्हपासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या जाड वायरचा (हेच इंजिनाचं अर्थिंग, करंट बॅटरीकडे परत यायची वाट) रोध मोजला. ०.३ ओहम. मीटरचे प्रोब नुसते एकमेकांना टेकवले तरी ०.३ च दाखवतात, म्हणजे वायरीचा रोध जवळपास शून्य. वायर ठणठणीत, असा निकाल देऊन मी मोकळी झाले आणि मनातल्या मनात मामांना नापासही केलं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा हे सगळं त्यांना ऐकवलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे, कारण मधेच म्हणाले, "लाईट लावा. आता सेल्फ मारा." मी मारला. टक्. समोरच्या भिंतीवरचा उजेड जराही मंद झाला नाही. बॅटरी बसली असती किंवा तिचे टर्मिनल खराब असते तर सेल्फ मारल्याबरोबर लाईट पडली असती. इथे सेल्फला पुरेसा करंट जातच नव्हता, मग लाईट कशाला पडेल? मग त्यांनी अजून एक विचारलं, "क्लच जड लागतोय का?" लागत होता, पण मी ते पावसावर ढकललं होतं. इंजिनाचं अर्थिंग तुटलं की करंट मिळेल त्या वाटेने परत जायला बघतो. क्लचची केबल ही त्यातलीच एक वाट. ती तापते आणि आतून खराब होते.

मग त्यांनी मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, थेट खांबावर ठेवला आणि दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर. "मारा सेल्फ." मीटरवर ४.८ व्होल्ट. खरं तर सेल्फ मारताना तिथे ०.२-०.३ च्या वर जायला नको.

मी तिथेच मनात आकडेमोड केली. सेल्फला १०० अँपिअर लागतात असं धरा. वायरीच्या टोकाशी नुसता ०.०५ ओहम रोध असला तरी ५ व्होल्ट तिथेच खर्च. हेडलाईटच्या ६० वॉटच्या बल्बला लागतात ५ अँपिअर. तेवढ्याच रोधातून त्याचा फक्त पाव व्होल्ट जाईल, डोळ्याला कळणारही नाही. आणि ०.०५ ओहम माझ्या मीटरला दिसणार कसा, त्याच्या प्रोबचाच रोध त्याच्या सहापट! व्ही बरोबर आय आर (व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध) फळ्यावर लिहिता लिहिता माझी बावीस वर्षं गेली. मामा म्हणाले, "करंट वाहताना मोजायचं, मॅडम. निजलेला बैल किती ओढतोय ते कळतंय व्हय?"

खात्री करायला त्यांनी जंपर केबलची एकच वायर घेतली, एक टोक निगेटिव्हला, दुसरं इंजिनला. गाडी ताबडतोब चालू. ही युक्ती कुणालाही जमेल, फक्त गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि वायर पंख्याच्या पट्ट्यापासून लांब. बॅटरी आणि तिचा ट्रे काढल्यावर खाली गिअरबॉक्सवरचा लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दिसला: बोल्ट गंजलेला, वायर लगच्या तोंडाशी हिरवी पडलेली, निम्म्या तारा तुटलेल्या. पहिल्या वेळी साफसफाई करताना ही वायर हलली, चार दिवस बरं चाललं. नवी वायर, नवा लग, खालची जागा घासून, मजुरीसह ३५० रुपये. गाडी चालू ठेवून चार्जिंग पाहिलं, १४.१. आता ऑक्टोबर संपतोय, बॅटरी तीच आहे.

तारा कापलाय तो पहिल्या खेपेसाठी. जी तपासणी दुसऱ्यांदा दहा मिनिटांत झाली ती पहिल्यांदा का नाही केली, असं मी विचारलं. "पावडर दिसली, म्हटलं तेच आसंल," एवढंच उत्तर. पैसे मात्र आधीचे १०० वजा करून घेतले, मी न सांगता.

बाकी बारीकसारीक: फोन उचलत नाहीत. 'पाच मिनिटं' म्हणजे पाऊण तास. बिल मागितलंत तर वहीचा कागद फाडून देतात. संध्याकाळी सहानंतर जाऊ नका, समोर पाणीपुरीची गाडी लागते आणि कार उभी करायला जागाच राहत नाही.