हॅरिसबर्ग, ऑल्बनी की अ‍ॅनापोलिस? कॅपिटॉल पाहण्याची सुरुवात कुठून करावी

अमेरिकेतल्या पन्नास राज्यांच्या विधिमंडळांच्या इमारती, म्हणजे कॅपिटॉल, एकेक करून पाहायचा छंद इथे बऱ्याच जणांना असतो. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना तो लागू लागला की प्रश्न एकच येतो, ‘पहिली मोठी फेरी कुठे काढू?’ ट्रेंटन तर घराजवळच आहे. तिथल्या इमारतीचा सर्वांत जुना भाग 1792 चा. ती अर्ध्या दिवसात कधीही पाहून होते, म्हणून तिला या तुलनेत धरत नाही. एडिसनहून गाडीने साधारण अडीच ते साडेतीन तासांवरच्या हॅरिसबर्ग, ऑल्बनी आणि अ‍ॅनापोलिस या तीन राजधान्यांतच माझ्या मते खरी निवड आहे. माझं मत हॅरिसबर्गच्या बाजूने आहे. पण तुम्हाला इमारतीत काय शोधायचंय त्यावर उत्तर बदलतं, म्हणून तिन्ही नीट समजून घ्या.

पेनसिल्व्हेनियाचं जुनं कॅपिटॉल 1897 मध्ये जळालं. आज दिसते ती जोसेफ ह्युस्टन या वास्तुरचनाकाराची इमारत असून तिचं उद्घाटन 1906 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी केलं. हिरव्या कौलांचा 272 फुटी घुमट रोमच्या सेंट पीटर्स चर्चवरून घेतलेला आहे आणि आतला भव्य जिना पॅरिसच्या ऑपेरावरून. आत पाऊल टाकल्यावर मान आपोआप वर जाते, तशी ती जाऊ द्या. पण लगेच खाली जमिनीकडेही पाहा. हेन्री मर्सर यांनी डॉइल्सटाउनच्या आपल्या कारखान्यात हाताने बनवलेल्या फरशा तिथे बसवल्या आहेत आणि त्यांत जवळजवळ चारशे चित्रं आहेत. सूतकताई, लोखंडाचं काम, प्राणी, पक्षी, कीटक असं सगळं त्यांत येतं. राज्याचा इतिहास सेनापतींच्या पुतळ्यांतून न सांगता राबणाऱ्या माणसांच्या कामांतून सांगायचा, ही मर्सर यांची निवड मला फार मोठी वाटते. मुलं बरोबर असतील तर त्यांना फक्त कीटक शोधायला सांगा, तासभर ती हलणार नाहीत.

दुसरं कारण व्हायोलेट ओकली ही चित्रकार. राज्यपालांच्या स्वागतकक्षातली भित्तिचित्रं रंगवण्याचं काम तिला 1902 मध्ये मिळालं. त्या काळी एका स्त्रीला एवढ्या मोठ्या सरकारी इमारतीचं काम मिळणं अपूर्व होतं. पुढे एडविन अ‍ॅबी हे चित्रकार 1911 मध्ये वारले, तेव्हा सिनेट आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दालनांचं कामही तिच्याकडे आलं आणि ते 1927 पर्यंत चाललं. अनेक वर्षं एकाच इमारतीसाठी चित्रं काढणाऱ्या बाईचा हात कसा बदलत गेला, हे इथे एका दालनातून दुसऱ्यात जाताना दिसतं. न्यायालयाच्या दालनात कायद्याचा इतिहास पोथीच्या पानांसारखा भिंतीवर मांडला आहे. वेळ कमी असेल तर बाकी काही गाळा, हे गाळू नका.

या सौंदर्याला एक काळी बाजू आहे आणि ती विचारून जाणून घ्यावी अशी आहे. सामान आणि सजावटीच्या बिलांत प्रचंड लूट झाली होती. इमारतीला सुमारे 40 लाख डॉलर लागले आणि सगळा खर्च मिळून 1 कोटी 30 लाखांच्या घरात गेला. चौकशी झाली, खटला चालला आणि खुद्द ह्युस्टन तुरुंगात गेले. झुंबरांकडे पाहताना हे माहीत असलं की पाहणं अधिक सजग होतं.

ऑल्बनी वेगळ्या स्वभावाची आहे. न्यूयॉर्कच्या या कॅपिटॉलला घुमटच नाही. काम 1867 मध्ये सुरू झालं, एकामागून एक वास्तुरचनाकार बदलले आणि 1899 मध्ये तेव्हा राज्यपाल असलेल्या त्याच रूझवेल्ट यांनी ते पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. खर्च अडीच कोटी डॉलर. प्रत्येकाची शैली निराळी असल्यामुळे इमारत एकसंध वाटत नाही, आणि काहींना हे खटकतं. मला मात्र त्यातच रस वाटतो. विधानसभेच्या दालनावरचं लिओपोल्ड आयडलिट्झ यांचं दगडी छत तडकून दगड कोसळू लागले, म्हणून खाली दुसरं छत घालावं लागलं आणि विल्यम मॉरिस हंट यांची भित्तिचित्रं त्याच्यावर कायमची झाकली गेली. आज तुम्ही त्या दालनात उभे राहता तेव्हा ती दिसत नाहीत. 1911 च्या आगीत राज्य ग्रंथालयही जळालं.

ऑल्बनीला जायचं ते मुख्यतः पश्चिमेकडच्या मोठ्या जिन्यासाठी. चौदा वर्षं चाललेल्या या दगडकामात लिंकन, ग्रँट, सुझन अँथनी अशा 77 नामवंतांचे चेहरे कोरले आहेत. पण खरी मौज त्यांच्या आजूबाजूला आहे. कारागिरांनी मोकळ्या जागांत शेकडो अनोळखी चेहरे कोरून ठेवले, त्यात त्यांची आप्तमंडळी असल्याचं सांगतात. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाचा जीव इथे रमतोच. हा जिना घाईने चढू नये. बरोबर दुर्बीण ठेवा, वरच्या मजल्यांवरचे चेहरे नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नाहीत. बाहेर एम्पायर स्टेट प्लाझा या सरकारी कार्यालयांच्या संकुलाच्या तळघरातला आधुनिक चित्रांचा संग्रह आणि कॉर्निंग टॉवरच्या बेचाळिसाव्या मजल्यावरून दिसणारी हडसन नदी, हे दोन्ही फुकट आहे.

अ‍ॅनापोलिसचं मेरीलँड स्टेट हाउस या दोघांपुढे लहान दिसतं. मात्र विधिमंडळाचं काम अखंड चालू असलेली अमेरिकेतली सर्वांत जुनी इमारत तीच. बांधकामाला 1772 मध्ये सुरुवात झाली. घुमट लाकडी आहे आणि तो खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या आणि लोखंडी पट्ट्यांनी जोडलेला आहे. नोव्हेंबर 1783 ते ऑगस्ट 1784 या काळात देशाची काँग्रेस, म्हणजे संसद, इथेच भरत होती. 23 डिसेंबर 1783 रोजी जुन्या सिनेट दालनात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सरसेनापतिपदाचा राजीनामा दिला. जिंकलेल्या सेनापतीने सत्ता हातात न ठेवता लोकप्रतिनिधींकडे परत सोपवली, ती नेमकी जागा तुमच्यासमोर असते आणि त्या भाषणाची वॉशिंग्टन यांची स्वतःची हस्तलिखित प्रत याच इमारतीत मांडलेली आहे. शेजारच्या जुन्या प्रतिनिधी दालनात 2020 पासून गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन आणि फ्रेडरिक डग्लस यांचे पुतळे उभे आहेत. दोघंही याच राज्यात गुलामीत जन्मले. ही दोन दालनं एका पाठोपाठ एक पाहिली की अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा अर्थ किती जणांसाठी अपुरा होता, ते लख्ख समजतं. फरशीवरची काळी रेषाही चुकवू नका. तिच्या एका बाजूला अठराव्या शतकातली इमारत आहे, दुसऱ्या बाजूला विसाव्या शतकातली वाढ.

आता सोयीचं. हॅरिसबर्गला एडिसनजवळच्या मेट्रोपार्क स्टेशनहून रेल्वेने जाता येतं आणि स्टेशनवरून कॅपिटॉल चालत दहा मिनिटांवर. सुट्टीच्या दिवशीही मार्गदर्शकासह फेऱ्या असतात आणि हर्षी हे चॉकलेटचं गाव जवळ असल्यामुळे घरातल्या कुणाचीच तक्रार राहत नाही. ऑल्बनीचा रेल्वेप्रवास हडसनच्या काठाने होतो, न्यूयॉर्कहून निघताना डाव्या बाजूची खिडकी धरा. मात्र तिथलं बरंच काही फक्त कामाच्या दिवशी उघडं असतं. अ‍ॅनापोलिसला रेल्वे नाही आणि जुन्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा मिळवणं हे त्रासाचं काम. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर मी अ‍ॅनापोलिसच सुचवेन, कारण इमारत लहान आहे आणि दमायच्या आत सगळी पाहून होते.

एक गोष्ट तिन्हीकडे सारखी आहे आणि माझ्या मते या छंदाचं तेच बळ आहे. मुंबईच्या विधान भवनात जायचं तर आधी पास काढावा लागतो. इथे सुरक्षा तपासणी झाली की सामान्य माणूस सरळ आत जातो, आणि अधिवेशन चालू असेल तर प्रेक्षक सज्जात बसून कामकाज ऐकतो. म्हणून तारीख निवडताना अधिवेशन पाहा. मेरीलँडचं अधिवेशन जानेवारी ते एप्रिल असं 90 दिवसांचंच असतं. न्यूयॉर्कचं साधारण जानेवारी ते जून. पेनसिल्व्हेनियाचं कामकाज वर्षभर अधूनमधून चालू असतं, पण सभागृह बसलेलं असताना तिथली चित्रं जवळून पाहायला मिळत नाहीत. ओकलीसाठी जाणार असाल तर बैठक नसलेला दिवस धरा. वादविवाद ऐकायचा असेल तर फेब्रुवारीतल्या कामाच्या दिवशी अ‍ॅनापोलिस गाठा. निघण्यापूर्वी त्या आठवड्याच्या वेळा इमारतीच्या अधिकृत पानावर तपासून घ्या, दुरुस्तीमुळे एखादं दालन अनेक महिने बंद असू शकतं.