मुलांसाठीचा मनगटी पट्टा : वाटेपुरता उपयोगी

दादरच्या शिवाजी पार्कला उंच कुंपण नाही. भोवतीचा कट्टा इतका बुटका आहे की चपळ मूल त्यावर सहज चढते आणि पदपथ ओलांडताच रहदारीच्या रस्त्यावर पोहोचते. अशा ठिकाणी पालक व मूल यांची मनगटे जोडणारा हा लवचीक पट्टा मैदानापर्यंतच्या वाटेवर उत्तम काम देतो. बघणारे नाके मुरडतात, ती मुरडू द्यावीत. वेल्क्रो मात्र मूल स्वतःच उघडते, म्हणून कुलूप असलेला प्रकार घ्यावा. घसरगुंडीवर किंवा झोपाळ्यावर पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो, त्यामुळे खेळापूर्वी तो काढणे अनिवार्य आहे. त्यानंतर रस्त्याकडची बाजू अडवून, मुलाकडे तोंड करून उभे राहण्याला या पट्ट्याकडे पर्याय नाही.