नाट्यसंहितेसाठी लिब्रेऑफिस रायटर

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जवळ आली की नागपुरातल्या हौशी संस्थांना संहितेच्या दोन तऱ्हेच्या प्रती लागतात: परिनिरीक्षण मंडळाकडे (संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणारे मंडळ) पाठवायची नेटकी प्रत आणि दिग्दर्शकाच्या टिपांसाठी रुंद समास सोडलेली तालमीची प्रत. लिब्रेऑफिस रायटर या मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅममध्ये ही मांडणी बरीचशी आपोआप होते आणि तेवढ्या कामासाठी मी त्याची निःसंकोच शिफारस करेन.

एफ ११ दाबून उघडणाऱ्या यादीत ‘संवाद’ आणि ‘रंगसूचना’ अशा दोन पॅराग्राफ स्टाइल (परिच्छेदाच्या मांडणीचे साचे) कराव्यात; संवादाला हँगिंग इंडेंट द्यावा (पहिली ओळ सोडून बाकीच्या ओळी आत सरकवाव्यात), म्हणजे पात्राचे नाव डावीकडे उठून दिसते. मग फाइंड अँड रिप्लेसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (ठरावीक शब्दाऐवजी नमुन्याने शोधण्याची सोय) चालू करून ^[^:(][^:]*: असा शोध देऊन ‘फाइंड ऑल’ केले, की परिच्छेदारंभीची सारी पात्रनावे एकदम निवडली जातात आणि ठळक अक्षरांची कॅरेक्टर स्टाइल (निवडलेल्या अक्षरांपुरता साचा) त्यांना एकाच वेळी लावता येते. पहिले अक्षर कंस नसावे ही अट आवश्यक आहे. ती नसेल तर ‘(वेळ: संध्याकाळ)’ हेही नाटकातले एक पात्र ठरते. कंसाने सुरू होणाऱ्या रंगसूचना ^\(.* या शोधाने सापडतात.

मराठीत खरी अडचण विसर्गाची. अनेक टंकलेखक नावापुढे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग देतात आणि वरचा शोध अशी नावे वगळतो. मात्र विसर्ग सरसकट बदलू नयेत; ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘विशेषतः’ हे शब्दही त्या तडाख्यात सापडतात. एकेक जागा पाहूनच बदल करावा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली संहिता असेल, तर आधी युनिकोड रूपांतर अटळ आहे.

प्रोग्रॅमची सर्वांत त्रासदायक बाब म्हणजे देवनागरीची फाँटव्यवस्था स्वतंत्र आहे. स्टाइलच्या फाँट विभागात पाश्चात्त्य लिपीसाठी आकार किंवा ठळकपणा ठरवला, तरी मराठी अक्षरे जशीच्या तशी राहतात. त्यासाठी कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटच्या (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीच्या) रकान्यात तेच पुन्हा भरावे लागते. नवख्याला हे कोणी सांगितल्याशिवाय उमगणे कठीण आहे. तिरक्या अक्षरांचा मोह रंगसूचनांपुरताही टाळावा, कारण देवनागरीत ती बहुधा ओढूनताणून वाकवलेली दिसतात.

एकदा स्टाइल बसल्या की तालमीच्या प्रतीसाठी पेज स्टाइलमधला समास तेवढा वाढवावा लागतो. छपाईसाठी सीताबर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानात मूळ फाइल न देता पीडीएफ द्यावी. दुकानाच्या संगणकावर तो फाँट नसला, तरी पाने हलत नाहीत.